फॅन्टसी चिलखतासाठी कोणतं मटेरियल घ्यावं? फोम, सनबोर्ड, फायबर की थ्रीडी प्रिंट?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाने लिहिलेल्या एका गोष्टीत डोंगरी किल्ल्याचा द्वारपाल आहे. येत्या डिसेंबरात मुंबईच्या कॉस्प्ले (आवडत्या पात्राचा वेश करून जायच्या) मेळाव्याला त्याला त्याच वेशात जायचंय. चित्रं त्याने काढलीत, शिवणकाम मला येतं, त्यामुळे चिलखत घडवायचं काम माझ्याकडे आलंय. छाती-पाठ, दोन्ही खांदे, कोपरापासून मनगटापर्यंत हात, नडग्या आणि शिरस्त्राण असा पूर्ण संच करायचाय.

अडचणी सांगते. चिलखत दिवसभर अंगावर राहणार. नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने जायचं, म्हणजे सगळं दोन बॅगांत मावायला हवं आणि गर्दीत चेपलं तरी टिकायला हवं. आमचं घर फ्लॅटमधलं, बाल्कनी छोटी. हीट गन आणि कटर आहे, बाकी यंत्रं काही नाहीत.

परदेशी व्हिडिओंत सगळे ईव्हीए फोम (चपलेच्या तळव्याला असतो तसला) आणि वोर्ब्ला (तापवून वळवायचं प्लास्टिकचं शीट) म्हणतात. इथे बाजारात गेलं की दुकानदार सनबोर्ड (हलकी, सपाट, कडक शीट) पुढे करतो. ओळखीचे एक काका म्हणतात फायबरचं करून घे, खरं वाटेल. भावाचा मित्र थ्रीडी प्रिंट काढून द्यायला तयार आहे. मला एकाच फेरीत माल आणायचाय. यातलं नेमकं कोणतं घेऊ?

पडद्यामागचा

ताई, हौशी नाटकांसाठी ढाली, मुकुट, चिलखतं करण्यात बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘कोणतं एक मटेरियल’ हा प्रश्नच आधी सोडा. चिलखत ही एक वस्तू नाही, ते सात-आठ वेगवेगळ्या वस्तूंचं कुटुंब आहे आणि प्रत्येकीचं काम वेगळं. छातीची पाटी फारशी वाकत नाही, पण बसताना पोटात रुतते. खांद्याची पाटी हात वर करताना कानाला लागते. नडगीची पाटी पायरी चढताना घोट्यावर आदळते. शिरस्त्राण डोक्यावर गरम होतं. प्रत्येक भागासाठी तीन प्रश्न विचारा: हा भाग शरीराच्या वाकणाऱ्या जागेपासून किती जवळ आहे? याला धक्का किती बसणार? आणि लोक तो किती जवळून बघणार? उत्तरं आली की मटेरियल आपोआप ठरतं.

रंगमंचावर पहिली रांगही काही फुटांवर असते, त्यामुळे आम्ही बारीक नक्षी सोडून देतो आणि उठाव मोठा ठेवतो. मेळाव्यात उलटं असतं. लोक खांद्याला खांदा लावून फोटो काढतात आणि हात लावून बघतात. म्हणून छातीचा वरचा अर्धा भाग, खांदे आणि शिरस्त्राण यांवर पैसा आणि वेळ घाला. पाठ आणि नडग्यांची मागची बाजू साधी ठेवली तरी चालते.

आता तुमच्या यादीतल्या एकेकाबद्दल.

सनबोर्ड स्वस्त, सपाट, कडक. सरळ पाट्या, ढाल, तलवारीचं पातं यांना उत्तम. पण हीट गनने तो एकाच दिशेला वळतो. घुमटासारखा दोन्ही दिशांना वळवायला गेलात तर सुरकुत्या पडतात. शिवाय धक्क्याने कडा तुटते, आणि ट्रेनमध्ये ती तुटणारच. विकत घेताना नीट बघा, सनबोर्ड म्हणून बाजारात दोन निराळ्या गोष्टी मिळतात. एक पूर्ण पीव्हीसीची शीट, दुसरी मध्ये फोम आणि दोन्ही बाजूंना कागद. दुसरी चिलखताच्या कामाची नाही, घाम लागला की कागद सुटतो.

फायबर टिकाऊ खरं, पण आधी मातीचं मॉडेल, त्यावर पीओपीचा साचा, मग त्यात रेझिन आणि काचतंतूंच्या मॅटचे थर. एकच नग करायचा असेल तर साच्याचीच मेहनत डोईजड होते. दहा सैनिकांना एकसारखी चिलखतं हवी असतील तेव्हा फायबरला पर्याय नाही. फ्लॅटच्या बाल्कनीत तर अजिबात नको. वास आणि काचेचा भुसा दोन्ही घरात शिरतात.

तुमच्या गरजेला ईव्हीए फोम मुख्य, आणि एखाद-दोन ठिकाणी दुसरं काही, असं माझं मत.

मापटं

पडद्यामागचा यांना अनुमोदन. मी वजनाचा हिशोब मांडतो, कारण दिवसभर घालायचं तर तोच निर्णायक ठरतो.

तुलनेसाठी १ चौरस मीटर शीट धरू. छाती-पाठ, खांदे, हात, नडग्या मिळून क्षेत्रफळ याच्या आसपास किंवा थोडं जास्तच भरतं. १० मिमी जाडीचा, घनमीटरला १०० किलो घनतेचा ईव्हीए फोम: १ किलो. ५ मिमीचा पीव्हीसी सनबोर्ड, घनता घनमीटरला ५०० किलो धरून: अडीच किलो. २ मिमीचं फायबर: साधारण ३ किलो. १.२ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा: ३.२ किलो. पीएलए या प्लास्टिकची ३ मिमी भरीव थ्रीडी प्रिंट: ३.७ किलो. १.२ मिमी पोलादी पत्रा: ९.४ किलो.

युरोपातलं खरं पूर्ण पोलादी चिलखत १५ ते २५ किलोचं असे आणि ते घालून लोक घोड्यावर चढत. ते जमायचं कारण वजनाची विभागणी. आत जाड, शिवलेला अंगरखा असे, मांडीच्या पाट्या त्याला कमरेशी बांधलेल्या असत, हाताच्या पाट्या खांद्याशी. तेवढंच पोलाद नुसतं दोन खांद्यांवर टांगलं तर माणूस तासाभरात वाकेल. पट्टे कुठे बांधायचे हे मटेरियलइतकंच मनावर घ्या. हलक्या फोमलाही हाच नियम. खांदे मानेजवळ टांगलेले असतील तर दुपारपर्यंत मान आखडते.

थर_दोनशे

थ्रीडी प्रिंटबद्दल माझ्याकडून थोडं, कारण घरी प्रिंटर चालवतो.

मित्र बहुधा पीएलए वापरत असेल. दिसायला सुंदर, पण साधारण ६० अंश सेल्सियसला तो मऊ पडू लागतो. उन्हात बंद उभ्या गाडीतलं तापमान तिथवर सहज जातं. प्रिंटच्या इतर प्लास्टिकांपैकी पीईटीजी ८० अंशांच्या आसपास टिकतो, एबीएस त्याच्याही वर, पण एबीएस छापताना वास येतो आणि कोपरे उचलतात. चिलखतासाठी मी पीईटीजीच सुचवेन.

छातीची पाटी मात्र छापू नका. प्रिंटरच्या पाटापेक्षा ती मोठी, म्हणून तुकडे पाडून जोडावी लागते आणि धक्का बसला की नेमकी जोडावरच फुटते. छापायचं काय, तर जे फोममधून कापून नीट येत नाही ते: पट्ट्यांची बक्कलं, खांद्यावरचं सिंहमुख, कपाळपट्टीवरची नक्षी, खिळ्यांची डोकी. खिळ्याचं एक डोकं नीट बनवलं की शंभर छापता येतात. ते सगळे सारखे असतात आणि तेवढ्याने चिलखत कारागिराच्या हातचं वाटतं.

छापल्यावर थरांच्या रेघा जायलाच हव्यात. पॉलिशपेपर, मग गाडीच्या बॉडीला लावतात ती पुटी, पुन्हा पॉलिशपेपर, मग प्रायमर. हा टप्पा गाळला तर चंदेरी रंगाखाली प्रत्येक रेघ दिसते. चकाकी जेवढी जास्त, तेवढा खालचा दोष उघडा.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. भागाभागाने विचार करायचा हे एकदम पटलं. मुख्य काम ईव्हीएचं करायचं ठरवते. आता प्रश्न असा की ईव्हीए म्हणून नेमकं काय आणायचं? घरात एक जाड योगा मॅट आहे, ती चालेल का? आणि जाडी किती?

पडद्यामागचा

योगा मॅट बहुतेक वेळा ईव्हीए नसते. जाड आणि मऊ मॅट बऱ्याचदा एनबीआर रबराची असते, ती गरम करून वाकवली तरी थंड झाल्यावर सरळ होते. काही मॅट पीव्हीसीच्या असतात, त्यांना हीट गन लावूच नका. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला पांढरा पॅकिंगचा फोमही दिसायला तसाच, पण तो पॉलिथिलीन असतो. त्याला गोंद नीट धरत नाही.

ओळखायची पद्धत: छोटा तुकडा घ्या, मोकळ्या हवेत हीट गन दूर धरून फिरवा. ईव्हीए असेल तर पृष्ठभागावरची बारीक छिद्रं मिटतात आणि हलकी तकाकी येते. लगेच वाटीवर दाबून धरा. थंड झाल्यावर वाटीचा आकार राहिला तर माल बरोबर आहे.

मिळतो कुठे? लहान मुलांच्या खोलीत अंथरायच्या, एकमेकांत अडकणाऱ्या मॅट सर्वांत सोप्या. पण त्या विरळ असतात आणि एका बाजूला खडबडीत ठसा असतो. अंगठ्याने जोरात दाबून सोडा. खळगा तसाच राहिला तर तो फोम बॅगेत चेपल्यावरही तसाच राहील. त्यापेक्षा चपला-बूट बनवणाऱ्यांना कच्चा माल देणाऱ्या दुकानात जा. तळव्यासाठी येतो तो फोम घट्ट असतो, त्याची कापलेली कड स्वच्छ येते आणि कोरलेली रेघ टिकते. मुंबईत कुर्ल्याची ठक्कर बाप्पा कॉलनी या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. नाशिकमध्येही चांभारकाम करणाऱ्या एखाद्या कारागिराला विचारा, माल कुठून येतो ते तो सांगेल. शक्य असेल तर दोन घनतेचे नमुने आणून आधी हातात खेळवून बघा.

जाडी: छाती-पाठ १० मिमी. खांदे आणि नडग्या ६ मिमी. हात ४ ते ६. नक्षी, कडांच्या पट्ट्या, वरचे थर २ मिमी. शिरस्त्राण ६ मिमी, कपाळपट्टीला वरून २ मिमीचा जोडथर.

एक गोष्ट नवीन माणसाच्या हमखास नजरेतून सुटते. जुना बनियन घालून त्यावर चिकटपट्टी गुंडाळून शरीराचं माप काढतात, मग रेघा मारून कापतात, कागदावर उतरवतात. पद्धत छान आहे, पण ते माप अंगाच्या पृष्ठभागाचं असतं. १० मिमीचा फोम पूर्ण गोल फिरवला की त्याच्या मधल्या थराचा घेर आतल्या घेरापेक्षा साधारण ३ सेंटिमीटरने जास्त होतो. आत अंगरखा असेल तर त्याचे वेगळे. ही वाढ न धरता कापलं तर चिलखत बगलेत मिटत नाही.

कटरचं पातं सतत नवं हवं. बोथट पातं फोम कापत नाही, फाडतं. दाणेदार कड आली की समजा पातं बदलायची वेळ झाली.

रसायनी

गोंदाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. रासायनिक कारखान्यात सुरक्षेचं काम करते, त्यामुळे हे अगदी कळकळीने सांगतेय.

ईव्हीए जोडायला सिंथेटिक रबराचा गोंद लागतो, सुतार सनमायका चिकटवायला वापरतात तसला, उदाहरणार्थ फेविकॉल एसआर ९९८. पांढरा फेविकॉल जोडासाठी चालत नाही. ग्लू गनचा गोंद घाईच्या दुरुस्तीला ठीक, पण उष्णतेने सुटतो. रबरी गोंद दोन्ही कडांना पातळ लावायचा, दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायचा, बोटाला चिकटेनासा झाला की कडा जुळवून दाबायच्या. टेकताक्षणी धरतो, नंतर सरकवता येत नाही. म्हणून आधी पेनाने दोन्ही तुकड्यांवर खुणेच्या आडव्या रेघा मारून ठेवा आणि जोडताना त्या रेघा जुळवत जा.

या गोंदात टोल्युइनसारखे द्रावक असतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. बाल्कनीत गोंद लावताना आत स्वयंपाकघरात गॅस, देवघरात समई किंवा उदबत्ती पेटलेली नको. गोंद लावलेला तुकडा पूर्ण वाळल्याशिवाय त्यावर हीट गन तर मुळीच धरायची नाही. आधी सगळं तापवून वळवून घ्या आणि मग जोडा, हा क्रम ठेवलात तर धोका बराच टळतो.

मास्कबद्दल खूप गैरसमज आहे. एन९५ धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. पॉलिशपेपर मारताना तो पुरेसा आहे. गोंद आणि स्प्रेपेंट यांसाठी ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज असलेला रबरी मास्क लागतो, हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात किंवा सेफ्टीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. कार्ट्रिज उघडी ठेवली की हवेतच संपत जातात, काम झालं की झिपच्या पिशवीत बंद करून ठेवा. चक्कर आली किंवा डोकं दुखलं तर काम थांबवून बाहेर पडा. सवय होईल म्हणून दम धरू नका. घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर हे काम गच्चीवर करा.

आणि सनबोर्ड वापरणार असाल तर: पीव्हीसी जास्त तापलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, घशाला झोंबतो. पिवळेपणा दिसला म्हणजे तुम्ही मर्यादा ओलांडलीत. लेझर कटिंगवाले पीव्हीसी घेत नाहीत ते याचसाठी, माणसाला त्रास आणि यंत्रही गंजतं. ईव्हीए मात्र लेझरने कापून मिळतो.

सिएटलकर

वोर्ब्लाबद्दल विचारलं होतं. इथे अमेरिकेत ते सर्रास मिळतं, मी वापरलंय.

ते थर्मोप्लास्टिकचं शीट आहे. ९० अंशांच्या आसपास तापवलं की मळलेल्या कणकेसारखं मऊ होतं आणि दोन्ही दिशांना ताणता येतं, म्हणजे सनबोर्डला जे जमत नाही ते. गरम असताना स्वतःला स्वतःच चिकटतं, गोंद लागत नाही. उरलेले तुकडे पुन्हा गरम करून त्यांची नक्षी करता येते, कचरा जवळजवळ शून्य. थंड झाल्यावर चांगलं कडक.

पण भारतात मागवायचं तर वाहतूक आणि आयातकर धरून फार महाग पडतं. मी तुमच्या जागी असते तर एखादं छोटं शीटही मागवलं नसतं. इथलेही बरेच जण आता वोर्ब्ला फक्त शिरस्त्राणाच्या कडा आणि उठावदार नक्षीपुरतं वापरतात, बाकी सगळं फोम. इथे ज्याला सिन्ट्रा म्हणतात तो तुमचा पीव्हीसी सनबोर्डच, त्यामुळे त्या नावाचे व्हिडिओ बिनधास्त उपयोगी पडतील.

व्हिडिओत रंगाआधी फोमवर लावतात ते रबरी डिप (रबराचा लेप) नाशिकला मिळालं नाही तरी अडत नाही. त्याला पर्याय काय ते तिकडची मंडळी सांगतीलच.

करवीरकर

चामड्याचा विषय निघाला नाही याचं नवल वाटलं. मी कोल्हापूरचा, आमच्या घरात चामड्याचं काम चालतं.

पूर्ण चिलखत चामड्याचं करा असं मी म्हणणार नाही, खर्च परवडणार नाही. पण मनगटाचे पट्टे, कमरपट्टा, खांद्याच्या पाट्या जोडणाऱ्या पट्ट्या या चामड्याच्याच करा. दिवसभर ओढ बसते ती पट्ट्यांवर. नायलॉनचा पट्टा फोमला चिकटवला की फोमची वरची कातडी उपटून येते. चामड्याचा तुकडा मागेपुढे ठेवून मध्ये फोम धरून रिव्हेट मारली तर ओढ मोठ्या भागावर वाटली जाते.

चामडं घेताना झाडाच्या सालीने कमावलेलं घ्या. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं असतं. असं चामडं भिजवून ठोकलं की ठसा धरतं, आणि गरम पाण्यात थोडा वेळ बुडवलं की आक्रसून कडक होतं. पूर्वी युरोपात चामड्याची चिलखतं याच गुणावर करत. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं चामडं पर्स आणि जॅकेटसाठी चांगलं, पण ते असं कडक होत नाही, ठसाही धरत नाही. ओळखायला छोटी पट्टी उकळत्या पाण्यात टाका. सालीने कमावलेली पट्टी लगेच गुंडाळते आणि आक्रसते, क्रोमची जवळजवळ तशीच राहते. कापलेली कड बघितली तरी कळतं, क्रोमच्या चामड्याची आतली कड बऱ्याचदा निळसर-राखाडी असते.

कडक करायचं तर पाणी ८० अंशांच्या आसपास, खळखळ उकळतं नको. आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवा, मग गरम पाण्यात बुडवून नजर ठेवा. चामडं गडद होऊन आक्रसू लागलं की काढा आणि लगेच बाटलीवर किंवा हाताच्या साच्यावर बांधा. जास्त वेळ राहिलं तर काचेसारखं ठिसूळ होतं. तुकडा आक्रसतो म्हणून मापापेक्षा मोठा कापायचा, किती ते त्याच चामड्याच्या चाचणीपट्टीवरून ठरवा.

मुंबईतून घ्यायचं तर धारावीत चामड्याची दुकानं आहेत. पण कोल्हापूरला आलात तर जरूर कळवा.

बुरूज

वेगळा मुद्दा मांडतो. ताई, चित्रातली छातीची पाटी कशी आहे? पोटाचे स्नायू दाखवणारी, एकसंध, युरोपीय धर्तीची असेल तर ती बॅगेत मावणार नाही. घुमटाकार वस्तू आतून पोकळ राहते आणि सगळी जागा खाते.

चार आईना हा प्रकार बघा. इराणातून आलेली पद्धत, मुघल काळात इथे रुळली. छातीवर एक, पाठीवर एक आणि दोन्ही काखांखाली एकेक अशा चार पाट्या, बिजागऱ्यांनी किंवा पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या. काखेखालच्या पाट्या वरून कोरलेल्या, म्हणजे हात मोकळा फिरतो. आत कड्यांचं जाळीदार चिलखत. जिथे अंग वाकतं तिथे पाटी संपते आणि जाळी सुरू होते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं चिलखत आणि ढाल आहे, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही शस्त्रं-चिलखतं आहेत. एकदा जाऊन मोबाईलवर फक्त कडा, बिजागऱ्या आणि पट्टे बांधायच्या जागा यांचे फोटो घेता आले तर घ्या. पूर्ण चिलखताचे फोटो नेटवर मिळतात, हे तपशील मिळत नाहीत.

तुमचा द्वारपाल डोंगरी किल्ल्याचा आहे, मग त्याला हे जास्त शोभेल असं मला वाटतं. आपल्याकडच्या चिलखतांतून काल्पनिक वेश घडवायला किती वाव आहे! दस्ताना म्हणजे कोपरापर्यंतची हातपाटी, नाकावरून खाली येणारी पट्टी असलेलं शिरस्त्राण, मानेवर लोंबणारी जाळी. आणि चार पाट्या सोडल्या की एकावर एक रचून बॅगेत सपाट बसतात.

गोदाकाठ

बुरूज, तुमचा प्रतिसाद भावाला दाखवला आणि त्याने नवीन चित्र काढायला घेतलं! चार पाट्याच करायच्या. छाती आणि पाठ १० मिमी, काखेखालच्या दोन ६ मिमी. पण आतली जाळी कशी करू? खऱ्या कड्या विणायला वेळ नाही.

पडद्यामागचा

वा, फार चांगला निर्णय.

जाळीसाठी रंगभूमीवरची जुनी युक्ती: जाड सुती दोरा किंवा सुतळी मोठ्या सुयांवर सैल विणायची, काळ्या रंगात बुडवून वाळवायची आणि वरून कोरड्या ब्रशने चंदेरी. चार हातांवरून कड्याच वाटतात. तुम्हाला विणकाम येत असेल तर बाह्या आणि गळ्याची झालर एवढंच विणा, पाट्यांखाली झाकलेल्या भागात साधा काळा सुती अंगरखा. विणलेली जाळी हवेशीर असते, ही मोठी सोय. ईव्हीएतून घाम बाहेर पडत नाही, त्यामुळे जिथे जिथे फोम टाळता येईल तिथे टाळावा. खऱ्या कड्या हव्याच असतील तर अ‍ॅल्युमिनियमच्या घ्या, पण फक्त मानेभोवती, जिथे लोक जवळून बघतात.

आता रंग, कारण पुढचा प्रश्न तोच असणार. फोमची छिद्रं आधी हीट गनने मिटवा, नाहीतर तो रंग पीत राहतो. मग सीलर, म्हणजे छिद्रं बंद करणारा लेप. पांढरा फेविकॉल पाण्यात पातळ करून चार-पाच हात देता येतात, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. तो लवचिक राहतो, पण घामाने किंवा पावसाने चिकचिकतो. म्हणून पाण्याला टिकणारा, मरीन प्लायसाठी येतो तो फेविकॉल घ्या, किंवा वरून अ‍ॅक्रिलिक वार्निश द्या. सुताराचं कडक लॅकर फोमवर लावू नका, वाकलं की तडे जातात.

रंगाचा क्रम: पूर्ण काळा, त्यावर चंदेरी, पण पसरून नाही. ब्रश जवळजवळ कोरडा करून फक्त उंच भागांवरून आणि कडांवरून फिरवायचा. मग पातळ तपकिरी-काळा रंग खाचांत सोडून वरचा पुसून घ्यायचा. धातू डोळ्याला धातू वाटतो तो चकाकीमुळे कमी आणि खाचेतल्या काळोखामुळे जास्त. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर मठारकाम करतात, हातोडीच्या ठोक्यांचे एकाशेजारी एक खळगे. तसा पोत छातीवर हवा असेल तर चमच्याची पाठ तापवून फोमवर ओळीने दाबत जा. रंग दिल्यावर प्रकाश त्या खळग्यांत खेळतो, अगदी ठोकून काढलेल्या पत्र्यासारखा.

थर्माकोलची नक्षी वर चिकटवायचा मोह टाळा. रबरी गोंद आणि स्प्रेपेंट दोन्ही त्याला विरघळवतात. आणि महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदीही आहे.

मापटं

चार पाट्यांचा हिशोब केला. एकूण संच फोममध्ये, पट्टे, जाळी आणि शिरस्त्राण धरून तीन किलोंच्या आत बसायला हवा. त्यातला सगळ्यात त्रासदायक भाग सुती जाळीच असेल, विशेषतः घामाने भिजल्यावर. म्हणून बाह्या कोपरापर्यंतच ठेवा, खाली तशीही हातपाटी आहे.

गोदाकाठ

एक हातपाटी करून पाहिली, ६ मिमीमध्ये, चपलेच्या फोमची. पाटी बाटलीवर छान वळली, खळगेही सुंदर उठलेत. पण भावाने हात कोपरात दुमडला की वरची कड दंडाला रुतते. पाटी आखूड केली तर कोपर उघडं दिसतं. काय करावं?

करवीरकर

पाटी आखूड करा, दोन बोटं. कोपरासाठी वेगळी छोटी वाटी करा, ४ मिमीची, आणि ती हातपाटीला एकाच बिंदूत चामड्याच्या पट्टीने जोडा, कोपराच्या बाहेरच्या बाजूला. दुसऱ्या बाजूला इलॅस्टिक. हात दुमडला की वाटी सरकते, सरळ केला की परत येते. खऱ्या चिलखतातही सांध्याजवळ पाट्या एकमेकींखाली सरकतात.

पडद्यामागचा

करवीरकर म्हणतात ते बरोबर. शिवाय हातपाटीची वरची कड आतल्या बाजूने ४५ अंशांत तासून घ्या आणि त्यावर मऊ रेक्झिनची पट्टी दुमडून शिवा. फोम सुईने शिवता येतो, फक्त टाका मोठा ठेवा, नाहीतर भोकांच्या ओळीवरच तो फाटतो. हीच पट्टी काखेखालच्या पाट्यांच्या वरच्या कडेलाही लागेल. आणि सगळे पट्टे पक्के करण्याआधी भावाला पूर्ण संच सुतळीने तात्पुरता बांधून खुर्चीत बसवा, जिना चढायला लावा, दोन्ही हात वर करायला सांगा. जिथे घासतं तिथे खडूने खूण करा, मगच रिव्हेट मारा.